नारूचा उन्हाळा

बारवेच्या शेवटच्या पायरीवर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती. वर दगडाला हात लावला तर चटका बसावा असं ऊन होतं आणि खाली तिच्याभोवती गारवा. घागर शेजारी पालथी घातलेली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"पाय बाहेर काढा," मी वरूनच म्हणाले.

तिनं डोळे उघडून वर पाहिलं. पाय तसाच राहिला.

"आग होतीया बाई. जराशी थांबू द्या, लगीच उठते."

मी पायऱ्या उतरून गेले. तिच्या घोट्याच्या वर एक फोड फुटलेला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर येऊन पाण्यात हलत होतं. मी दोन्ही हातांनी तिचा पाय उचलला आणि कोरड्या दगडावर ठेवला. ती कळवळली.

आता नारू म्हटलं तर लोक विचारतात, म्हणजे काय? माझ्या नातीनं परवा विचारलं. बरं वाटलं. पण मी बालाघाटच्या डोंगरातल्या धामणटाकळीला नर्स म्हणून गेले तेव्हा तिथं कुणाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. उन्हाळा लागला की घराघरात एखादं माणूस पाय पुढे करून बसलेलं असे. हातभर लांब जंत कातडी फोडून हळूहळू बाहेर येतो, आणि येताना निखारा ठेवल्यासारखी आग करतो. औषध नाही. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा आणि वाट बघायची. घाईनं ओढला आणि तुटला, की आत पू होतो, सांधा आखडतो. लोक म्हणत, देवाचा कोप. पेरणीआधीची सगळी कामं तोंडावर आलेली असताना घरातलं कर्तं माणूस आडवं पडायचं, त्याला कोप म्हणायचं नाही तर काय म्हणायचं.

त्या बाईचं नाव गिरजाबाई कोकरे. नवरा दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, पण नारू निघाल्यापासून तेही बंद होतं. मी पट्टी बांधली आणि सांगितलं, "ही भिजू द्यायची नाही. पाण्यात पाय घालायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. मग लंगडत उठली, घागर भरली, डोक्यावर घेतली आणि एकेका पायरीवर थांबत वर गेली. पट्टी घागर भरतानाच भिजली होती. बारवेचं पाणी उन्हाळ्यात इतकं खाली जायचं की घोटाभर पाण्यात उतरल्याशिवाय घागर बुडतच नसे.

आमच्याकडे त्या वर्षी नारू निर्मूलनाचं काम जोरात होतं. मला जिल्ह्याहून बारीक विणीच्या कापडाचे तुकडे मिळाले होते, पाणी गाळायला. विहिरीत टाकायचं औषध येणार होतं. आणि एक भिंग मिळालं होतं, लाकडी मुठीचं. त्या भिंगाचा मला फार अभिमान होता.

मारुतीच्या पारावर मी सभा घेतली. सरपंच शिवलिंगअप्पा खुर्चीवर, पुरुष पारावर, बायका खाली एका कडेला. मी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, उन्हासमोर धरलं आणि भिंग लावून एकेकाला दाखवलं. पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"हा किडा पाण्यातून आपल्या पोटात जातो," मी सांगितलं. "त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. वर्षभर काही कळत नाही. मग ते पायातून निघतं. आपण आग शमवायला पाण्यात पाय घालतो, आणि नारू त्याच पाण्यात हजारो पिल्लं सोडतो. ती पिल्लं पुन्हा किड्याच्या पोटात. तेच पाणी गाव पितं."

मग तेच पाणी कापडातून गाळलं आणि पेला पुन्हा फिरवला. एकही ठिपका नव्हता. बायकांमधे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आगं बया, हे प्यायलो आपण जल्मभर?"

अप्पांचा धाकटा भाऊ सिद्राम पुढे बसला होता. अंगानं दांडगा, बोलायला मोकळा. त्यानं विचारलं, "म्हंजे बाई, गेल्या सालच्या उन्हाळ्यात ज्यानं पाय पाण्यात घातला, त्याचा हा यंदाचा नारू?"

"हो," मी म्हणाले. "बरोबर समजलात."

मी खूश होऊन घरी गेले. इतक्या पटकन गाव समजून घेईल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या फेरीला आले तर खरंच प्रत्येक घागरीच्या तोंडाला कापड बांधलेलं होतं. जिल्ह्याच्या साहेबांना काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. बारवेपाशी गेले आणि थांबले. पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. एकच माणूस जाईल एवढी वाट ठेवली होती, आणि त्या वाटेवर एक म्हातारा सावली धरून बसला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गिरजीसाठी. तिला उतरू द्यायचं न्हाई असं ठरलंय."

"आणि बाकी ज्यांना नारू निघालाय ते?"

"ते घरीच हायेत की. त्यांच्या घरची बाया-मानसं भरत्यात पानी."

मी गिरजाबाईच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसली होती. आत सासू खोकत होती. माठ रिकामा होता, तळाला ओल तेवढी.

"पाणी कुठून आणता?"

"वढ्यात डोबान हाय. म्हशी बसत्यात तिथं. त्येच गाळून घेते." तिनं पाय दाखवला. नारू बराच बाहेर आला होता. काडीला गुंडाळलेला भाग वाळून दोरीसारखा झाला होता. पट्टी मातीनं माखली होती. "गेल्या सालीबी मला नारू व्हता, पाय बारवेत घातलेला. गाव म्हनतं, सोजरचा पाय माज्यामुळं गेला. समद्यांचं माज्यामुळंच."

"कोण सोजर?"

"जावंची लेक."

तिची जाऊ म्हणजे कोंडाबाई, थोरली. बारवेच्या तोंडालाच त्यांचं घर. दोघींचे नवरे जिवंत होते तेव्हाच वाटणीवरून त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं होतं. सासू धाकटीकडे राहिली, कारण धाकट्या मुलाच्या खोलीत तिचं अंथरूण होतं आणि ते कुणी हलवलं नाही.

मी कोंडाबाईंकडे गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या. सोजर आत भिंतीला टेकून बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. नारू गुडघ्यात निघाला होता. पलीकडच्या गावच्या एका माणसानं तो ओढून काढतो म्हणून ओढला आणि तुटला. सूज उतरली होती, पण गुडघा वाकत नव्हता. मी हळूच वाकवायला गेले तर तिनं ओठ दाबून धरले.

"हिचं लगीन ठरलं व्हतं," कोंडाबाई म्हणाल्या. "सुपारी फुटलेली. त्यांनी मानूस धाडून बघून घेतलं आन् न्हाई म्हनले."

मी तिचा पाय अलगद खाली ठेवला. म्हणाले, "रोज थोडा थोडा हलवत राहायचा पाय. तेल लावून."

"लावते." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बाई, तुमी येन्याआदी आमी देवाचं म्हनत व्हतो. देवासंगं कुनाला भांडता येत न्हाई. आता तुमी सांगितलं, मानसामुळं हुतंय."

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"तुमी नसंल घेतलं. गावाला नाव लागतं."

"गेल्या वर्षी नारू गिरजाबाईंना एकट्यांना नव्हता. साहेबांनी मला सांगितलंय, गावात बऱ्याच जणांना होता."

दारातून समोर बारवेचं तोंड दिसत होतं, बाभळीच्या फांद्या दिसत होत्या. कोंडाबाई तिकडेच बघत राहिल्या.

मी अप्पांना भेटले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचंच काम चाललंय. पाय पान्यात जायचा न्हाई, हेच तुमाला पायजे ना?" मी म्हणाले, तिला पाणी तरी कुणी आणून द्यायला हवं. ते म्हणाले, "सांगतो कुनाला तरी." कुणाला सांगितलं, कोण जाणे. वाटेत मी दोन घरी विचारून पाहिलं. एकीनं सांगितलं, आमचंच पुरत नाही. दुसरी म्हणाली, तिच्या घागरीला हात लावला तर लागंल का? मी सांगितलं, लागत नाही. तिनं मान हलवली, पण आली नाही. त्या दिवशी मीच दोन घागरी भरून दिल्या. पण मी काही रोज धामणटाकळीत नसायचे; माझ्याकडे आणखी गावं होती.

आणि मग तो दिवस आला. मी शाळेच्या ओट्यावर पट्ट्या बदलत होते. दुपार कलत होती. बारवेकडून आवाज आला, आधी एकाचा, मग पुष्कळांचा. मी तशीच हातातलं टाकून धावले.

बाभळीच्या फांद्या बाजूला सरकवलेल्या होत्या. गिरजाबाई पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती, हातांवर काट्यांचे ओरखडे, पाय कोरडा. अजून उतरलीच नव्हती. तिची घागर सिद्रामच्या हातात होती. पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती, आणखी येत होती.

"सासूच्या तोंडात घालायला थेंब न्हाई," गिरजाबाई सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "वढा आटला. कालपासनं न्हाई."

"म्हून समद्या गावाला नारू देतीस?" सिद्राम म्हणाला. "अप्पा, हिला म्हायेरी भावाकडं धाडा. गाव सोडंल तवाच हे थांबंल."

अप्पांनी मला पाहिलं. "बरं झालं बाई आल्या. तुमीच सांगा समद्यांना. नारूचा पाय पान्यात गेला तर पुढल्या साली गावात नारू निघतो का न्हाई?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. प्रश्न सरळ होता आणि उत्तर एकच होतं.

"निघतो," मी म्हणाले. "पण त्यासाठी—"

पुढचं कुणी ऐकलं नाही. 'निघतो' एवढंच त्यांना हवं होतं. सिद्रामनं घागर दगडावर आपटायला उचलली.

"ठेव ती खाली."

कोंडाबाई घरातून आल्या होत्या. लोकांनी वाट दिली. मला वाटतं, सगळ्यांनाच वाटलं असणार की आता ही जावेच्या अंगावर जाते. गिरजाबाईलाही तसंच वाटलं; तिनं मान खाली घातली.

कोंडाबाई सिद्रामपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाईमानसाच्या हातातनं घागर हिसकून घेतलीस?"

"वैनी, तुमच्याच सोजरसाठी चाललंय हे—"

"माज्या पोरीचं नाव घिऊ नगंस." त्या थांबल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नव्हे, म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात तुज्या पिंडरीत नारू व्हता. आग हुतीया म्हून रोज दिस कलला की बारवेत पवायला कोन उतरायचं? माजं घर हितं तोंडालाच हाय. मला समदं दिसतं."

सिद्रामचा हात घागरीसकट खाली आला.

"तवा कुनाला काय ठावं व्हतं," तो म्हणाला.

"तिलाबी ठावं नव्हतं."

पारव्यांचा बारवेतला आवाज वर ऐकू येत होता. अप्पा आपल्या भावाकडे बघत होते, आणि बाकीचे अप्पांकडे. मला दिसलं की दोघं-तिघं मागच्या मागे सरकले. त्यांच्याही पायांवर मागच्या वर्षीचे वण होते. ते वण मी मलमपट्टी करताना पाहिले होते.

कोंडाबाईंनी सिद्रामच्या हातातून घागर घेतली. फांद्या पायानं आणखी बाजूला लोटल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. घागर बुडाल्याचा आवाज आला. वर आल्या त्या तशाच गिरजाबाईच्या घरापर्यंत चालत गेल्या, उंबऱ्याशी घागर उतरवली आणि वळल्या. गिरजाबाई लंगडत मागून येत होती. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सासूला पानी लागतं."

मग मी परत बारवेपाशी येऊन बोलले. पारावरच्या सभेत बोलले होते त्याच्या निम्मंही नाही. त्या वेळी गावात नारू निघालेली जी जी माणसं होती त्यांची नावं घेतली. त्यांत अप्पांच्या मळ्यावरचा गडी होता, त्याला पाणी आणून देणारं कुणी नव्हतं आणि तो पहाटे बारवेत उतरत होता. एक सुतारीण होती. विचारलं, यांच्या घरी रोज पाणी कोण घालणार ते आत्ता इथंच ठरवा. औषध मी आणते, कापड मी आणते, घागर मला आणता येणार नाही. अप्पांनी गड्याचं काम स्वतःच्या घरावर घेतलं. सुतारणीचं शेजारच्या घरानं. गिरजाबाईचं कुणी विचारलंच नाही. ते ठरलेलं होतं.

परत निघताना मी कोंडाबाईंच्या दारात थांबले. म्हणाले, "तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं."

त्या सोजरच्या गुडघ्याला तेल लावत होत्या. "मी तिला बोलले आस्ते, शिव्या दिल्या आस्त्या, तर ते आमच्या घरातलं," त्या म्हणाल्या. "सिद्राम कोन तिला गावाभाईर घालनारा?"

बाभळीच्या फांद्या चुलीत गेल्या. त्या उन्हाळ्यात नारूचा एकही पाय पुन्हा बारवेत गेला नाही, निदान मला तरी दिसला नाही. गिरजाबाईचा नारू न तुटता सगळा बाहेर आला. पुढच्या साली मी घरोघरी पाय बघत फिरले तेव्हा मोजकी माणसं निघाली, कापड येण्याआधी पाणी प्यायलेली. त्यांना कुणी शिव्या दिल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यात भरलेली घागर असायची. गिरजाबाईच्या सासूबाई त्या थंडीत गेल्या. कोंडाबाई तरीही गिरजाबाईकडे पाणी भरत राहिल्या आणि दोघी तरीही बोलत नव्हत्या.

मला नंतर पुष्कळ गावं मिळाली. तिथं मी भिंग पहिल्या दिवशी बाहेर काढायचं सोडून दिलं. आधी पाण्याची घरं लावायची, कोण कुणाला भरून देणार ते पक्कं करायचं, आणि मगच पेला उन्हासमोर धरायचा. माझ्याबरोबरच्या नर्सेसना हे उलटं वाटायचं.

पाय पाण्यात जाऊच नये म्हणून धामणटाकळीच्या बारवेच्या पायऱ्या बंद करायचं काम मात्र रखडलं. मंजुरी आली तेव्हा बायकांनीच विरोध केला. पायऱ्या बुजवून वर कठडा बांधायचा आणि कप्पीनं पाणी ओढायचं. इतक्या खोलातून रोज पोहरे ओढून दंड भरून येतील, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. मग एकीऐवजी चारी बाजूंनी कप्प्या बसवायच्या ठरल्या, म्हणजे रांग लागणार नाही. गवंडी आला, पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली.

कप्प्या सुरू झाल्या त्या सकाळी मी मुद्दाम गेले. नारळ फुटला, अप्पांनी पहिला पोहरा ओढला, पुरुष निघून गेले. बायका राहिल्या. एकीनं दोर ओढून बघितला आणि तळहात दुसरीला दाखवला. "ह्यापरास पायऱ्या बऱ्या व्हत्या," कुणी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात काठी टेकत सोजर आली. कमरेवर घागर होती. गुडघा आखडल्यापासून ती बारवेकडे फिरकली नव्हती; त्या पायानं पायऱ्या उतरणं तिला शक्यच नव्हतं. तिनं काठी कठड्याला टेकवली, ताठ पाय बाजूला काढून उभी राहिली आणि पोहरा सोडला. कोंडाबाई मागे उभ्या होत्या, पण पुढे झाल्या नाहीत. सोजरचे हात तिच्या आईसारखेच होते. पोहरा सरसर वर आला. तिनं तो घागरीत ओतला, पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. घागर भरली.

सोजर घामेजली होती आणि हसत होती. तिनं इकडेतिकडे बघितलं. पलीकडच्या कप्पीपाशी, सगळ्यांच्या मागे, गिरजाबाई आपली घागर घेऊन उभी होती.

"काकू, हिकडं आना," सोजर म्हणाली. "मी भरते."

गिरजाबाई जागची हलली नाही. तिनं आधी थोरल्या जावेकडे बघितलं. कोंडाबाई कठड्यापाशी आल्या, धाकटीच्या कमरेवरची घागर स्वतः काढून घेतली आणि लेकीपुढे ठेवली.

"काठापातूर भर," त्या म्हणाल्या. "आन् दोर नीट धर."